नदीचं पाणी लोकांनी मोजलं, तर प्रदूषण मंडळाने ते मानायचं की नाही?

इंद्रायणीकाठची
आळंदीत नदी फेसाळली की फोटो फिरतात, वारी जवळ असेल तर पुढारी पाहणी करून जातात आणि आठवडाभरात सगळं शांत होतं. मला फेसाबद्दल नाही, प्रदूषित नद्यांच्या यादीबद्दल बोलायचंय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यातले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. कसोटी बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची: लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित, ३० च्या वर गेला की पहिल्या प्राधान्याचा. पण हे ठरतं मंडळाच्या ठरावीक केंद्रांवर, दिवसाउजेडी, साधारण महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीवरून. ज्या ओढ्यावर केंद्रच नाही, तो यादीत येणार कसा? रात्री टँकर नाल्यात रिकामा झाला, तर सकाळी अकराच्या नमुन्यात काय दिसणार?

काठावर माणसं आहेत. मासेमारी करणारे आहेत, रसायनशास्त्राचे विभाग असलेली कॉलेजं आहेत. माझं म्हणणं असं: मंडळाने दर दोन वर्षांनी जाहीर आवाहन करून लोकांकडची मोजमापं मागवावीत, तपासावीत, आणि जी नाकारली त्यांची कारणं लेखी द्यावीत. यात चूक काय ते सांगा.

निवृत्त केमिस्ट
ताई, तळमळ पटते, मागणी पटत नाही. आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय म्हणून स्पष्ट लिहितो.

लोक नमुना म्हणून काय आणतात? काठावरून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलेला फेस. वर तारीख नाही, वेळ नाही. बाटली दुपारभर गाडीच्या डिकीत तापलेली. बीओडीचा नमुना बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून लगेच लॅबमध्ये यावा लागतो. मग २७ अंशांवर तीन दिवस अंधारात. वाटेत तो तापला तर जंतू आपलं काम तिथेच उरकतात आणि आकडा खोटा येतो. तोही बहुतेक वेळा कमीच येतो, म्हणजे गुन्हेगार सुटतो.

दुसरं, टीडीएस मीटर. हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असतो. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. गावातल्या चांगल्या बोअरचा टीडीएस ९०० असू शकतो आणि मैला मिसळलेल्या नाल्याचा ४००. मग नाला शुद्ध म्हणायचं का?

आणि कायदा. १९७४ च्या जल अधिनियमाचं कलम २१ बघा. कारखान्याचा नमुना घेताना मालकाला तिथेच नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील, सह्या. हे पाळलं नाही तर तो निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तुमच्या बाटलीवर कुणाची सही?

पाटाचं पाणी
मी नदीकाठचा शेतकरी. माझी भीती वेगळी आहे. उद्या कुणी कॉलेजच्या पोरांनी आमच्या बंधाऱ्यावर आकडा काढला आणि मोबाईलवर फिरवला, तर मार्केट यार्डात आमची मेथी-पालक कोण उचलेल? घाण सोडणारा वीस किलोमीटर वर बसलाय आणि नाव आमच्या गावाचं. सरकारी आकडा चुकला तर निदान भांडायला ऑफिस तरी आहे.

एडिसनकर
धागाकर्तीने मागितलंय ते इकडे अमेरिकेत नियमातच आहे, म्हणून लिहितो. इथल्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम ३०३(ड) प्रमाणे प्रत्येक राज्याला दर सम वर्षी बिघडलेल्या पाण्यांची यादी करावी लागते. त्यासाठी सहज मिळण्यासारखी सगळी माहिती गोळा करायची, अगदी सामान्य लोकांकडचीही. एखादी माहिती वापरली नाही, तर का नाही ते केंद्र सरकारला सांगावं लागतं. यादीत नाव आलं की त्या पाण्यात कुठल्या प्रदूषकाचा रोजचा भार किती चालेल ते ठरवून तो स्रोतांमध्ये वाटून द्यावा लागतो.

केमिस्ट साहेबांच्या मुद्द्यालाही उत्तर आहे. आमच्या न्यू जर्सीत स्वयंसेवकांच्या मोजणीच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची शिकण्या-शिकवण्यासाठी, सगळ्यात वरची थेट नियमनासाठी. वरच्या पायरीला नमुना कसा घ्यायचा, उपकरण कसं तपासायचं, हे आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. इथेही सगळं आलबेल नाही. यादीत नाव येऊन वर्षानुवर्षं काही न झालेले ओढे आहेत. पण आकडा बेदखल करता येत नाही.

कोरडवाहू
याद्या करून काय होणार? २०१८ च्या यादीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते, २०२२ च्या यादीत ५५. हरित लवादाने आदेश दिले, कृती आराखडे झाले. मैलापाणी कुठे मिसळतं हे महापालिकेला माहीत नाही असं वाटतं का? पैसा शुद्धीकरण केंद्रांत आणि ती चालवायच्या विजेत घाला. मोजत बसणं म्हणजे वेळकाढूपणा.

इंद्रायणीकाठची
कोरडवाहू, मोठ्या शहरांपुरतं तुमचं बरोबर. पण आराखडा आणि निधी मुख्यतः यादीतल्या पट्ट्यांकडे जातो. तालुक्याच्या गावचा ओढा यादीत नसेल तर तो कागदावर स्वच्छच असतो. आधी मोजल्याशिवाय तुमचा पैसा तिथे येणार कुठून?

पाटाचं पाणी, दादा, तुमची भीती खरी आहे. म्हणूनच मी मोबाईलवर फिरवा म्हणत नाही, मंडळाकडे द्या म्हणते. आणि एका जागी मोजून भागणार नाही. नाला मिळतो त्याच्या वर एक, खाली एक, असे नमुने घेतले तर घाण कुठून शिरते ते दिसतं. हे तुमच्याच बाजूचं आहे.

केमिस्ट काका, कलम २१ खटल्यासाठी आहे. मी कुणाला शिक्षा करा म्हणत नाही, कुठे बघा ते सांगते. त्याच कायद्याच्या कलम ४९ ने साध्या नागरिकालाही ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करायची मुभा आहे. कायद्याला आपल्यावर भरवसा आहे, मग मंडळाला का नसावा?

निवृत्त केमिस्ट
वर आणि खाली, हे बरोबर. एक गोष्ट मीच सांगतो, कारण सरकारी वेळापत्रकात ती बसत नाही. पाण्यात शेवाळ असेल तर दुपारी ते ऑक्सिजन सोडतं आणि डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, छान येतो. रात्रभर तो उतरत जातो, पहाटे सगळ्यात कमी. मासे बहुधा पहाटेच मरतात. तो पहाटेचा डीओ काठावरचा माणूसच मोजू शकतो.

पण विंक्लरच्या रासायनिक पद्धतीनेच मोजा. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, आत बुडबुडा राहता कामा नये. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड घाला, बूच लावून उलटसुलट करा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, अजिबात नसेल तर पांढराच राहतो. पांढरा साका बघायला केमिस्ट लागत नाही. रसायनं जपून हाताळा, हातमोजे हवेत, आणि उरलेलं नदीत ओतू नका. पुढचं टायट्रेशन, म्हणजे ऑक्सिजन नेमका किती ते मोजायचं काम, कॉलेजच्या लॅबमध्ये होईल. प्रत्येक जागी दोन बाटल्या. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर फेकून द्या.

एवढं करून आणलंत तर मंडळाने तिथे स्वतःचा नमुना महिनाभरात घ्यावा, इथपर्यंत मी येतो. यादीत नाव मात्र मंडळाच्याच आकड्यावर चढावं.

इंद्रायणीकाठची
महिनाभरात म्हणजे पुन्हा सकाळी अकरा वाजताच ना? तुम्हीच पहाटेचं सांगितलंत. पहाटे येणार असतील तर कबूल. येणार नसतील तर आमचा आकडा धरा, नाहीतर नाकारल्याचं कारण लिहून द्या.

पाटाचं पाणी
वर-खाली दोन जागा घेणार असाल तर आमच्या बंधाऱ्याच्या वरचा नाला आधी घ्या. मी दाखवतो. पहाटे आमचं पाणी धरायचं काम चालूच असतं.