माऊसला हात न लावता मेल हाताळायची आहे, डेस्कटॉपसाठी काय वापरू?

बॅलार्डपियर:
नमस्कार मंडळी. बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे काम करते. दिवसभर मेलच मेल: शिपिंग लाइनच्या अरायव्हल नोटिसा, पार्टीची इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, न्हावाशेवा बंदराहून सीएफएसवाल्यांच्या (कंटेनर गोदामवाल्यांच्या) विचारणा. वाचायची, उत्तर द्यायचं आणि जॉब नंबरच्या फोल्डरात टाकायची. हे टाकणंच जीव खातं. डावीकडे फोल्डरांची ही भलीमोठी रांग, मेल माऊसने धरून खाली खेचत न्यायची, मध्येच बोट सुटलं की ती शेजारच्या पार्टीच्या फोल्डरात. आता उजवं मनगट धरलंय आणि डॉक्टर म्हणतात माऊस कमी करा.

विंडोज आहे, आयमॅप अकाउंट आहे (मेल सर्व्हरवरच राहते). ‘ब्राउझरमध्येच उघडा’ असं कृपया सांगू नका, नेट गेलं तरी जुन्या मेल्स दिसायला हव्यात. पैसे पडले तर मालकांना पटवावं लागेल, ते मी बघते.

कुर्ला_स्लो:
थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम. फुकट आहे, मालकांचा प्रश्न मिटला.

एन दाबा, पुढची न वाचलेली मेल. एफने पुढची, बीने मागची. स्पेस दाबत राहिलात तर मजकूर खाली सरकतो आणि संपला की पुढच्या न वाचलेल्या मेलकडे नेतो. माझं निम्मं काम त्या एका स्पेसवर चालतं. कंट्रोल-आर उत्तर, कंट्रोल-शिफ्ट-आर सगळ्यांना उत्तर, एफ६ने फोल्डर, यादी आणि मजकूर यांच्यात फिरायचं.

एक ताप मात्र आहे. ही एकेरी अक्षरं यादीवर असताना लगेच लागू होतात. समजा, आपण शोधायच्या चौकटीत आहोत असं समजून ‘जय’ने सुरू होणाऱ्या पार्टीचं नाव इंग्रजीत टाइप करायला घेतलंत आणि फोकस (कळा जिथे लागू होतात ती जागा) यादीवरच होता. जेने मेल जंक ठरते, एने अर्काइव्हमध्ये जाते. बाकीच्या अक्षरांनी काय केलं ते संध्याकाळी कळतं.

टर्मिनलबाबा:
मट, टर्मिनलच्या खिडकीत चालणारा मेल प्रोग्रॅम. १९९५ पासून आहे, माऊसचा संबंधच नाही. त्यांचं ब्रीदच असं की सगळे मेल प्रोग्रॅम भिकार, हा जरा कमी भिकार.

कुर्ला_स्लो:
बाबा, ताईंना पॅकिंग लिस्टची एक्सेल उघडायचीय. आणि ऑफिसात विंडोज आहे. त्यांना कुठे सेटिंगची कॉन्फिग फाइल लिहायला बसवताय?

कानसेन:
मला दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. त्यामुळे माझ्या टेबलावर माऊस नाहीच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शॉर्टकटची यादी किती लांब आहे यावर जाऊ नका. फोकस आत्ता कुठे आहे आणि काम झाल्यावर कुठे जाऊन पडतो, ते बघा. मेल डिलीट केली की फोकस लगतच्या मेलवर यायला हवा. तो यादीच्या टोकाला उडाला किंवा कुठेच उरला नाही, की डोळस माणसाचा हात माऊसकडे जातो, आणि माझ्यासारखा टॅब बडवत बसतो. वरचा ‘जय’चा घोळ हाच. निवडलेल्या मेलवरची पट्टी फिकट झाली, म्हणजे फोकस दुसऱ्या चौकटीत गेला, हे घाईत कुणी बघत नाही.

आता तुमचं फोल्डरचं दुखणं. क्लासिक आउटलुक यात सरस आहे. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की फोल्डरांची खिडकी येते, नावाची पहिली अक्षरं टाइप करा, एंटर. रोजच्या ठरलेल्या फोल्डरांसाठी क्विक स्टेप्स (एका कळीत होणारी ठरलेली कामं) करून त्यांना कंट्रोल-शिफ्ट-१ ते ९ देता येतात. तिथे फक्त कंट्रोल-एफ जपून: ते शोधत नाही, मेल फॉरवर्ड करायला उघडतं. शोधायला कंट्रोल-ई, उघडलेल्या मेलच्या आत एफ४. आणि ‘नवीन आउटलुक’ हा वेगळाच प्रोग्रॅम आहे, जुनी बोटं तिथे जशीच्या तशी चालतील असं धरू नका.

थंडरबर्ड इथे उणा पडतो. कंट्रोल-शिफ्ट-एम आहे, पण ते मागच्या वेळी वापरलेल्या फोल्डरातच टाकतं. क्विक फोल्डर मूव्ह नावाचं ॲड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घाला, म्हणजे नाव टाइप करून टाकता येईल. तुम्हाला जॉब नंबर आहेत म्हणून आणखी एक: कंट्रोल-शिफ्ट-केने क्विक फिल्टर उघडा, जॉब नंबर लिहा, यादीत या, कंट्रोल-ए, आणि त्या कामाच्या सगळ्या मेल्स एकदमच हलवा. दर मेलमागे फोल्डर शोधण्यापेक्षा हे कधीही बरं.

परळची:
कानसेन, +१. कुणी लिहिलं नाही म्हणून: मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना एनची कळ दाबलीत तर थंडरबर्डला ‘ल’ मिळतो. एकेरी अक्षरं तिथे गप्प, आणि वाटतं प्रोग्रॅम अडकला. कंट्रोलवाले शॉर्टकट, बाण आणि एफ६ चालू राहतात. मराठीत उत्तर लिहून परत आलात की आधी विंडोज-स्पेसने भाषा बदला.

बॅलार्डपियर:
अगं हो, ट्रेलरवाल्यांना मी मराठीतच लिहिते, हे तर रोजच होणार. सगळ्यांचे आभार. थंडरबर्ड टाकून बघते, आउटलुक मालकांनी दिलं तर दिलं. पण कंट्रोल-एंटरने मेल लगेच जाते ना? नव्या ओळीसाठी एंटर मारताना कंट्रोलवर बोट राहिलं तर अर्धवट दर पार्टीला जायचा.

कुर्ला_स्लो:
सेटिंग्जमध्ये कंपोझिशनच्या पानावर, कीबोर्डने पाठवताना आधी विचारावं असा पर्याय आहे. टिक लावून ठेवा.

आणि एकेरी अक्षरं नकोच असतील तर टीबीकीज नावाचं ॲड-ऑन त्या कळा बंद करतं किंवा बदलून देतं. मी ए आणि जे तेवढे मारून टाकलेत.

कानसेन:
ॲड-ऑनवर अवलंबून राहणार असाल तर ईएसआर आवृत्ती (वर्षभर मोठे बदल न होणारी) घ्या. दर महिन्याची आवृत्ती घेतलीत तर एखाद्या सकाळी ॲड-ऑन बंद पडलेलं असेल, नेमकं जहाज लागलेलं असताना.