मदत हवी आहे: ड्वेमर परत आणू का नको? रविवारच्या आत सांगा

पितळी_कोळी
मंडळी, घाईत लिहितोय, रविवारच्या आत उत्तर पाहिजे. ड्वेमर परत आणावेत की नाही? मी या आठवड्यात तीनदा मत बदललंय. आमच्यात दोन तट पडलेत, एक म्हणते आणलेस तर माझी दीड वर्षाची मेहनत पाण्यात, दुसरा म्हणतो नाही आणलेस तर मी येऊन करू काय. मागच्या वेळी मी दार उघडून ठेवलंय आणि आतून आवाज पण काढलाय त्यामुळे ते दार आता लावता येत नाही. ज्यांना माहितीये त्यांनीच लिहा प्लीज, ड्वेमर म्हणजे कोण इथपासून सुरुवात करायला वेळ नाहीये.

निवांत_नाना
एल्डर स्क्रोल्स गेम्समधली ती गायब झालेली जमात, ड्वेमर, हे कळलं. पण गेम कुठला, मोरोविंड, स्कायरिम की ऑनलाइनवाला? मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर, बनवताय का? दार कुठलं? आवाज "काढलाय" म्हणजे रेकॉर्ड केलाय? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, लवकर औषध द्या" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

टॉर्च_घेऊन_जा
आधी कॉन्फिग टाक. स्कायरिमला नवीन रेसचं मॉड टाकलं की लोकांचे चेहरे काळे पडतात, मला स्वतःला झालेलं, अख्खा शनिवार गेला त्यात, शेवटी लोड ऑर्डर बदलली तेव्हा सुटलं. रॅम किती आहे? ८ असेल तर नाद सोड.

पितळी_कोळी
कॉम्प्युटरचा संबंधच नाही हो. टेबलावर खेळतो आम्ही, फासे, कागद, पेन्सिल. जग एल्डर स्क्रोल्समधल्या टॅम्रिएलचं घेतलंय, नियम डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) फिफ्थ एडिशनचे, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. आवाज म्हणजे मी तोंडाने काढला. दार आल्फ्टॅंड नावाच्या ड्वेमर अवशेषांच्या खाली.

टॉर्च_घेऊन_जा
मग आधी सांगायचं ना. तरी पण रॅम वाढवून घे, कधीतरी लागेलच.

उंबरठा
नको. अजिबात नको.

ड्वेमरांची सगळी मजा ते नसण्यात आहे. पहिल्या युगाच्या ७०० साली रेड माउंटनच्या लढाईत त्यांच्या कॅग्रेनॅकने लॉरखान देवाच्या हृदयावर आपली हत्यारं चालवली आणि अख्खी जमात एका क्षणात गेली, लढाईवर होते तेवढेच नाहीत, तिकडे लांब हॅमरफेलला जाऊन राहिलेलं त्यांचं रूरकेन कुळ पण. प्रेतं नाहीत, पळापळ नाही. मी २०१२ ला पहिल्यांदा ब्लॅकरीचमध्ये, स्कायरिममधल्या त्या जमिनीखालच्या ड्वेमर गुहेत, उतरलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, हेडफोन लावलेले, आणि तो वाफेचा आवाज आणि ते पितळेचे कोळी आपले इकडून तिकडे फिरतायत, कुणासाठी फिरतायत? मालक जाऊन साडेतीन हजारांवर वर्षं झाली आणि गिरणी चालूच. ते बघून जे पोटात होतं ना ते, समजा कोपऱ्यावरून एक दाढीवाला ड्वेमर आला आणि म्हणाला "या, बसा", की संपलं. त्यानंतर ती नुसती एक फॅक्टरी.

मोरोविंड २००२ चा, ऑब्लिव्हियन २००६ चा, स्कायरिम २०११ चा. एवढ्या वर्षांत त्यांनी जे उत्तर दिलं नाही ते तुम्ही रविवारी देणार?

निवांत_नाना
उंबरठा, कॅग्रेनॅकमुळेच झालं हे सिद्ध कुठे झालंय? गेममध्ये प्रत्येकजण आपापलं सांगतो. कुणी म्हणतं चूक झाली, कुणी म्हणतं त्यांना हेच हवं होतं, सगळे मिळून न्युमिडियमच्या, त्यांच्याच पितळी महाकाय यंत्राच्या, अंगात गेले. तुम्ही तर हवालदाराने पंचनामा केल्यासारखं लिहिलंय.

आणि गेलेली जमात परत आणायची नाही असा काही नियम नाही. स्नो एल्फ संपले, उरले ते त्यांचेच आंधळे वंशज फाल्मर असंच आपण धरून चाललो होतो, २०१२ ला स्कायरिमच्या डॉनगार्ड या पुरवणीत गेलेबोर नावाचा स्नो एल्फ आला की नाही समोर, डोळस, व्यवस्थित बोलणारा? कुणाचं काय बिघडलं? उलट ड्वेमरांनी आसरा द्यायच्या बदल्यात विषारी अळंबी खायला घालून त्यांचे डोळे घालवले ही गोष्ट त्याला बघून जास्त लागते.

उंबरठा
गेलेबोर एकटा आहे. भाऊ धरला तर दोन. दोघांना जमात म्हणत नाहीत.

मीठभाकर
अहो पण जिवंत ड्वेमर मोरोविंडमध्येच होता की, याग्रम बागार्न! टेल फिर मनोऱ्याच्या तळघरात, कॉर्प्रस रोगाने अंग फुगलेलं, पाय निकामी, यांत्रिक कोळ्याच्या पायांवर बसून फिरतो. जमात गेली तेव्हा हा दुसऱ्या कुठल्यातरी मितीत गेलेला, परत येऊन बघतो तर कोणीच नाही. आणि मेन म्हणजे त्याला पण माहीत नाही काय झालं ते!! आपल्या अश्वत्थाम्यासारखं आहे ते, सातपुड्यात जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात ना तसं. मरण नाही आणि सोबतीला कोणी नाही.

त्यामुळे एक आणायला हरकत नाही, जमात आणू नका. माझं मत.

सावंतवाडीकर_ऑनलाइन
अश्वत्थाम्यापेक्षा यादव जवळचे वाटतात मला. मौसलपर्व काढून बघा, सांबाच्या थट्टेतून शाप, मुसळाचं चूर्ण समुद्रात, त्याचं एरका गवत उगवलं आणि तेच उपटून एकमेकांना मारलं. एवढं मोठं कुळ एका दिवसात आटोपलं. आपला यादवी शब्द तिथलाच. आणि उरला वज्र, त्याला अर्जुनाने इंद्रप्रस्थाला नेऊन राज्यावर बसवलं. म्हणजे एक माणूस उरवून पुढची गोष्ट सांगायची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

निवांत_नाना
यादव एकमेकांत लढून मेले, ड्वेमर गायब झाले. फरक आहे. आणि वज्राबरोबर बायका-मुलं पण वाचलीच होती.

सावंतवाडीकर_ऑनलाइन
उपमा होती नाना, वंशावळ नव्हे.

टॉर्च_घेऊन_जा
चित्ते आणलेच की परत. १९५२ ला नामशेष जाहीर केले आणि सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून ८ आणून कुनोत सोडले. तेव्हा कोणी विचारलं का गूढ जाईल म्हणून?

उंबरठा
तो आफ्रिकी चित्ता आहे, आपल्याकडचा आशियाई होता, तो आता फक्त इराणात उरलाय. म्हणजे "परत" आणला म्हणणंच चूक. उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला, आणाल ते तेच नसतं.

टॉर्च_घेऊन_जा
उड्या तर मारतो ना.

*(यानंतरचे सहा प्रतिसाद चित्त्यांबद्दल होते, खरडफळ्यावर हलवले आहेत. धाग्याचा विषय गेम आहे. – संपादक)*

निवांत_नाना
धागाकर्ते, आहात का? साल कुठलं चालू आहे तुमच्या खेळात? विरोध करणारी व्यक्ती कोणतं कॅरेक्टर खेळते? हे दोन कळल्याशिवाय आम्ही सगळे हवेत बाण मारतोय.

पितळी_कोळी
ऑफिसात होतो. साल चौथ्या युगातलं २०१, स्कायरिमवालंच. ती विंटरहोल्ड कॉलेजची संशोधक खेळते, ड्वेमर का गेले हे शोधून काढणं हेच तिच्या कॅरेक्टरचं ध्येय, वहीच्या वही भरल्यात तिने. एक वाटी पण आहे तिच्याकडे, पहिल्या सेशनला सापडलेली, ड्वेमर अक्षरं कोरलेली, दीड वर्ष झालं ती काय लिहिलंय ते लावतेय. तिला वाटतं मंत्र आहे.

निवांत_नाना
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? हाच तर प्रश्न आहे सगळा!! आणि काय लिहिलंय वाटीवर?

पितळी_कोळी
ते मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा सहज बोलून गेलो होतो, ती इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

उंबरठा
म्हणजे तुम्ही तिच्या दीड वर्षाचं उत्तर दुसऱ्याच्या कॅरेक्टर शीटवर लिहून देणार. ती बरोबर चिडलीय.

कोथिंबीर_वडी
नमस्कार, मला यातलं काही कळत नाही पण गेम शब्द वाचून आले. माझा भाचा बारावीला आहे, रात्री दोन दोनपर्यंत मोबाइलवर गेम चालू असतो, बहीण रडकुंडीला आलीय. सोडवायचं कसं?

निवांत_नाना
ताई वेगळा धागा काढा, पालकत्व विभाग आहे.

कोथिंबीर_वडी
हो काढते. पण हा फासे आणि कागदाचा प्रकार असेल तर त्याला चालेल का? स्क्रीन तरी सुटेल.

पितळी_कोळी
ताई परीक्षा झाली की पाठवून द्या, ठाण्यातच असाल तर. आमच्याकडे तीन रविवारांनी एक जागा रिकामी होतेच आहे.

मीठभाकर
थांबा थांबा. रिकामी होतेय म्हणजे? कोण चाललंय?

पितळी_कोळी
तोच, ज्याला ड्वेमर खेळायचाय. नोकरीसाठी जर्मनीत असतो, सुट्टीला आलाय, तीन रविवार मिळतात त्याला मग परत. शाळेपासूनचा मित्र, मोरोविंड आम्ही त्याच्याच घरी खेळलो, त्याच्या आईच्या शिव्या खात. म्हणून नाही म्हणवत नाहीये.

निवांत_नाना
🙏

मीठभाकर
अहो भले माणसा!! तुम्ही "जमात परत आणू का" विचारताय आणि खरं तर पाहुणा तीन आठवडे आलाय. जमातबिमात काही नको. एकच ड्वेमर, याग्रमसारखा बाहेर कुठेतरी अडकलेला, आत्ता दारातून येतोय, त्याला काहीही माहीत नाही. तिसऱ्या रविवारी जातो. संशोधिकेचं उत्तर शाबूत.

निवांत_नाना
आणि जायची सोय गेमनेच करून ठेवलीय, आर्निएल गेन आठवा. विंटरहोल्डचाच मास्तर, आपल्याकडून दहा ड्वेमर कॉग गोळा करून घेतो, शेवटी कीनिंगने, म्हणजे कॅग्रेनॅकच्याच एका हत्याराने, एका सोल जेमवर (आत्मा साठवायच्या खड्यावर) घाव घालतो आणि डोळ्यांदेखत गायब. कॅग्रेनॅकचाच प्रयोग, छोट्या मापात. पाहुण्याला तसंच घालवा. ती शेजारी उभी राहून बघेल, वहीत लिहील, तरी "कुठे गेला" ते राहतंच.

उंबरठा
आर्निएल ब्रेटन, म्हणजे माणसांतला, होता, हा ड्वेमर. ड्वेमर पुन्हा त्याच पद्धतीने गायब केलात तर तिला कारण सापडल्यासारखंच झालं, मग शोधायचं काय? त्यापेक्षा त्याला दार ओलांडू देऊ नका. दाराच्या आतून बोलू दे तीन रविवार.

निवांत_नाना
माणूस जर्मनीहून आलाय आणि तुम्ही त्याला दाराआड उभा करताय.

उंबरठा
गूढ टिकवायचं तर थोडं सोसावं लागतं.

कोथिंबीर_वडी
मी अजून इथेच आहे, वाचायला मजा येतेय. एक विचारू का, त्या वाटीवर मंत्र कशाला असेल? भांड्यावर नाव असतं.

मीठभाकर
😂😂 ताई, दंडवत.

पितळी_कोळी
ताई तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय दिलंत. सोमवारी सांगतो.

टॉर्च_घेऊन_जा
झालं का मग? ऑफर चालू आहे, १६ जीबीची लिंक व्यनि करू का कुणाला?

पितळी_कोळी
रविवार झाला, सांगतो. आवाज त्याचाच ठरवला, ड्वेमर दारातून आला. तिने अकरा प्रश्न कागदावर लिहून आणलेले, चेहरा असा की पाणीसुद्धा विचारायची भीती. पहिला प्रश्न, तुमचे लोक कुठे गेले? हा म्हणाला, कुठे गेले म्हणजे? सकाळी तर होते. पुढे कुणी बोललंच नाही, खालून रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. मग बाकीचे पाच मिनिटं नुसते कुजबुजत की याला सांगायचं कुणी. दोन तास त्यातच गेले, फासा म्हणून टाकला नाही एकदाही.

आणि आमच्यातला नॉर्ड योद्धा खेळणारा, ज्याने दीड वर्षात दिसेल तो ड्वेमर पत्रा वितळवून इंगॉट विकलेत, तो ढाल पाठीमागे लपवत होता कारण ती याच्याच गल्लीतल्या पाटीची निघायची शक्यता.

शेवटी तिने वाटी काढली. म्हणाली हा मंत्र वाच. त्याला मी आधीच चिठ्ठी दिली होती. त्याने उलटी करून बघितली आणि वाचलं, "चिरंजीवास बारशानिमित्त, मावशीकडून."

ती आधी इतकी हसली की खुर्ची मागे गेली. मग वही उघडली, मंत्राची चार पानं होती त्यावर काट मारली आणि नव्या पानावर लिहिलं, मावशी कोण? आता पुढच्या रविवारी तिला त्या मावशीचं घर शोधायचंय. याला जाऊ द्यायचं कसं ते अजून ठरलं नाहीये, ती म्हणते विमानाचं तिकीट पुढे ढकल.

उंबरठा
वाचलं. चांगलं झालं असं म्हणेन, दार ओलांडू दिलंत ते सोडून. पण एक तांत्रिक मुद्दा, स्कायरिममध्ये ड्वेमर वाट्यांवर कोरलेलं नाव वगैरे कुठेच नाही. आणि वाट्या-पातेली भट्टीत वितळत पण नाहीत, फक्त पत्रे, स्ट्रट आणि स्क्रॅप.

पितळी_कोळी
म्हणूनच उरली ना वाटी.