पाइपलाइनचा चर बुजवला म्हणजे काम संपलं का?

मातीवेडा
पाइप टाकला, चर बुजवला, वर गवताचं बी फेकलं की ‘जमीन पूर्ववत केली’ असा शेरा पडतो आणि कंत्राटदाराची अनामत सुटते. माझं म्हणणं असं की पिकांचे दोन हंगाम उलटेपर्यंत ती सोडूच नये.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी डकोटा ॲक्सेस या तेलाच्या पाइपलाइनच्या पट्ट्यातलं पीक मोजलं. पहिल्या दोन हंगामांत मका सरासरी १५ टक्के आणि सोयाबीन २५ टक्के घटलं. खालची माती यंत्रांच्या वजनानं घट्ट दबली होती, वरच्या सुपीक थरात खालची माती मिसळली होती. चर बुजवल्याच्या दिवशी काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

साइटवरचा
अजिबात पटलं नाही. पाऊस कमी पडला, बी खराब निघालं, खत वेळेवर पडलं नाही, या सगळ्याचं खापर आमच्या माथी का? जे टेप लावून तपासता येतं त्याची जबाबदारी घेतो. धूप थांबवायला उतारावर आडवे वरंबे घालतो. अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनच्या आराखड्यात अंतरं ठरवून दिली आहेत: ५ ते १५ टक्के उताराला ३०० फुटांवर, १५ ते ३० टक्क्यांना २०० फुटांवर, त्याहून तीव्र उताराला १०० फुटांवर. वरंबा आहे की नाही यावर वाद होऊच शकत नाही. पीक कशाशी मोजणार?

मातीवेडा
त्याच शेतातल्या न खणलेल्या भागाशी. पाऊस, बी, खत दोन्हीकडे सारखंच असतं. शिवाय तुम्ही दाखला दिलात त्याच आराखड्यात पहिल्या आणि दुसऱ्या हंगामानंतर पाहणी करायला सांगितलंय, आणि शेतजमिनीसाठी निकषही हाच आहे: पिकाची वाढ लगतच्या न खणलेल्या भागासारखी हवी.

नांगरधारी
तुम्ही दोघंही काम झाल्यानंतरचं बोलताय. नुकसान होतं ते काम चालू असताना.

एक लोखंडी सळई घ्या आणि हातानं दाबा. पट्ट्याबाहेर ती कोपरभर आत जाते. यंत्रं फिरली त्या वाटेवर वीतभर गेली की अडते. म्हणजे सगळ्यात जास्त मार चराला नाही, चराच्या शेजारच्या वाटेला बसतो, आणि तिकडे कुणी बघतही नाही. त्या दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, ते वरून वाहतं, ओघळ पडतात आणि वर्षभरात त्यांची घळ होते. नंतर खोल नांगरट करतात, पण तीही ओल्या मातीत. त्यात माती फुटत नाही, नुसती चिरते.

म्हणून मला अनामत नको, वाफसा नसताना, म्हणजे माती ओली असताना, काम थांबवण्याचा अधिकार हवा.

साइटवरचा
आणि वाफसा आहे की नाही हे कोण ठरवणार? एक दिवस यंत्रं उभी राहिली तरी खर्च चालूच असतो. ‘ओलं वाटतंय’ एवढ्यावर काम थांबवता येत नाही.

नांगरधारी
खालच्या थरातली मूठभर माती घ्या आणि तळव्यावर वळा. साधारण ३ मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली गेली तर माती ओली आहे. त्याआधीच तुकडे पडले तर यंत्र खुशाल घाला. तुमच्या प्रयोगशाळेतही हीच चाचणी करतात.

रानवाट
सगळी चर्चा पिकावर चाललीय. पाइपलाइन गवताळ रानातून आणि जंगलातूनही जाते. तिथे पाहणीच्या वेळी हिरवं दिसावं म्हणून झटपट वाढणारं परकं गवत पेरतात. ते माती धरून ठेवतं हे खरं, पण स्थानिक झाडोऱ्याला जागाच देत नाही. वरच्या थरात तिथल्याच वनस्पतींचं बी दडलेलं असतं. तो थर वेगळा ठेवून लवकर परत पसरला आणि पेरणी विरळ केली, तर बरंच काही आपोआप उगवतं. ढीग फार काळ पडून राहिला की बी मरतं.

जंगलाच्या बाबतीत मात्र ‘पूर्ववत’ हा शब्द वापरूच नये. पाइपवर मोठी झाडं वाढू देत नाहीत, मुळांनी आवरणाला धोका असतो. तो पट्टा कायमचा उघडा राहणार हे आधीच सांगायला हवं.

साइटवरचा
विरळ पेरणी सपाटीला ठीक आहे. तीव्र उतारावर पहिल्याच पावसात माती खाली येईल.

रानवाट
तिथे काथ्याची जाळी अंथरा. झाडोरा मूळ धरेपर्यंत ती टिकते, मग कुजून मातीत जाते.

साइटवरचा
जाळी मान्य. वातीची चाचणीही करारात घालता येईल, तिथे दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिसतं. अनामतीबाबत मात्र ठाम आहे: दोन हंगाम पैसे अडकले तर लहान कंत्राटदार या कामात उतरणारच नाहीत.

मातीवेडा
मग सगळी अडकवू नका. वरंबे आणि भराव तपासून मोठा हिस्सा सोडा, पिकाच्या घटीपुरता मागे ठेवा. आज तो सगळा तोटा शेतकरी एकटा सोसतो, आणि त्यानं तर निविदाही भरलेली नसते.