उलवे ते फोर्ट रोज कारने: अटल सेतूचा टोल परवडतो का?

उलवेकर_नवा

पुढच्या महिन्यापासून उलव्याहून फोर्टला जायचं आहे, आठवड्याचे पाच दिवस. सकाळी साडेनऊच्या आत पोहोचायचं, संध्याकाळी निघायला साडेसहा-सात. पेट्रोल हॅचबॅक, गर्दीत १४ चं ॲव्हरेज देते. मॅप्सवर सेतूने सुमारे २८ किमी दिसतात, बेलापूर–पाम बीच–वाशी पूल–फ्रीवेने सुमारे ४१. वाशीला कारचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, म्हणजे लांबचा रस्ता फुकट नि जवळचा पैशांचा.

सेतूचा मासिक पास काढावा, रोजचे रोज पैसे भरावेत, की गपचूप वाशीवरून जावं? पार्किंगचा प्रश्न सुटला आहे, ते धरू नका.

हिशोब_चोख

आधी पासचं निकालात काढू. शिवडी (सेतूचं मुंबईकडचं टोक) ते गव्हाण/शिवाजीनगर (उलव्याजवळ) हा तुमचा टप्पा. कारला एकेरी २००, जाऊन-येऊन ३००, दिवसाचा पास ५००, महिन्याचा १०,०००. (सेतूच्या दुसऱ्या टोकाला, थेट चिर्लेपर्यंत गेलं तर २५०, ३७५, ६२५ आणि १२,५००.) म्हणजे मासिक पास एकेरी टोलच्या ५० पट आहे आणि जाऊन-येऊन दर दीडपट. ५० भागिले दीड म्हणजे ३३.३३. महिन्यात ३४ वेळा जाऊन-येऊन झालं तर कुठे पास वसूल होतो. ३१ दिवसांच्या महिन्यात एकही सुट्टी न घेता रोज गेलात तरी ९,३०० होतात. नोकरदारासाठी हा पास नाहीच, तो दिवसातून दोन-दोन फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीवाल्यांसाठी आहे. ‘पास’ म्हटलं की स्वस्त असणार, ही सवय आपल्याला लोकलने लावली आहे.

२२ दिवसांचे ३०० प्रमाणे ६,६०० रुपये. पण हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, कारण तो सगळा जास्तीचा खर्च नाही. पेट्रोल १०४ धरलं तर १४ च्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे ७.४३ रुपये. सेतूने १३ किमी वाचतात, म्हणजे एका वेळचे सुमारे ९७ रुपये.

आता खरी गंमत. सकाळी २०० कापले जातात आणि परतीला फक्त १०० (एकूण ३००). म्हणजे सकाळचा निव्वळ भुर्दंड २०० वजा ९७, म्हणजे १०३ रुपये. संध्याकाळचा १०० वजा ९७, म्हणजे ३ रुपये! सकाळी सेतूने गेलात तर संध्याकाळी वाशीवरून येण्यात काहीही शहाणपण नाही, रस्ता कितीही मोकळा दिसो. बरेच जण नेमकं उलटं करतात: सकाळी घाईत सेतू, संध्याकाळी ‘आता काय घाई आहे’ म्हणून वाशी. वाचवल्यासारखं वाटतं, वाचत काहीच नाही.

थोडक्यात निर्णय दिवसातून एकदाच घ्यायचा, सकाळी घरातून निघताना: आज १०६ रुपये जास्त मोजायचे का? महिनाभर रोज सेतूने गेलात तर वाशीच्या तुलनेत साधारण २,३३० रुपये जास्त. टायर नि सर्व्हिसिंग किलोमीटरवर धरलं तर त्याहूनही कमी.

पांजरपोळ_कट

पैशांचं वर आलंच आहे. वेळेचा हिशोब मात्र लोक चुकीचा करतात.

सेतूवर कारची मर्यादा ताशी १००, रॅम्पवर ४०. शिवाजीनगर ते शिवडी बारा-पंधरा मिनिटांत पार होतं आणि ते जवळजवळ रोज तेवढंच राहतं. पण शिवडीला उतरून तुम्ही ज्या ईस्टर्न फ्रीवेवर येता, त्यावरच वाशी-मानखुर्दहून आलेली गाडीही असते. शिवडी ते ऑरेंज गेट हा तुकडा आणि खाली पी. डी’मेलो रोडला उतरायची रांग दोन्ही रस्त्यांना सामाईक आहे. ऑरेंज गेट–मरीन ड्राइव्ह बोगद्याचं कामही त्याच तोंडाशी चालू आहे. तिथे वीस मिनिटं अडकलात तर टोल भरूनही अडकणार. सेतू तुमची फक्त शिवडीच्या आधीची कटकट विकत घेतो: किल्ला जंक्शन, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द आणि घाटकोपर–मानखुर्द लिंक रोड.

म्हणून मोजताना घर ते ऑफिस मोजू नका. दोन्ही रस्त्यांनी शिवडीच्या जोडापर्यंत किती वेळ लागतो तेवढं मोजा. मॅप्समध्ये निघायची वेळ टाकून सोमवार नि बुधवार वेगळे बघा, पाऊस असलेला एक दिवस धरा. आणि सरासरीवर जाऊ नका. वाशी खाडीवर तिसरा पूल झाल्यापासून पुलावरची परिस्थिती सुधारली आहे, चांगल्या दिवशी फरक फार वाटत नाही. फरक पडतो तो वाईट दिवशी. मानखुर्दला एखादा ट्रेलर बंद पडला की पर्यायच उरत नाही. साडेनऊचं पंचिंग असेल तर वाशीमार्गे रोज त्या वाईट दिवसाच्या हिशोबाने लवकर निघावं लागतं. तो राखून ठेवलेला वेळ म्हणजे खरा खर्च.

माझं मत: सोमवारी आणि जोराच्या पावसात डोळे मिटून सेतू. सकाळी सातच्या आत निघणार असाल तर वाशी. बाकी दिवशी निघताना मॅप्सवर शिवडीपर्यंत वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला तर सेतू. तेव्हा १०६ रुपयांना सकाळची वीस मिनिटं, वर संध्याकाळचीही.

बामणडोंगरी_लोकल

लोकलचं कोणी बोललंच नाही. खारकोपर किंवा बामणडोंगरीहून उरण मार्गाची गाडी, नेरूळ किंवा बेलापूरला बदलून हार्बरने सीएसएमटी. सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो, म्हणजे सेतूच्या थोड्याच दिवसांच्या टोलइतका. अडचण दोन ठिकाणी: उरण मार्गावर गाड्या कमी, एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट, आणि बदलताना हार्बरची गाडी आधीच भरलेली. घरातून निघायची वेळ वेळापत्रक बघून पक्की केली तरच जमतं, ‘जाऊ निवांत’ म्हणून नाही. सेतूवरून मुंबईला जाणाऱ्या एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) बसही आहेत, त्यांचं वेळापत्रक एकदा बघून ठेवा.

तीन दिवस लोकल नि दोन दिवस कार केलीत तर महिन्याला आठ-नऊ दिवसांचाच टोल बसतो. मासिक पास न काढण्याचं हे आणखी एक कारण.

उलवेकर_नवा

पासचं गणित डोळे उघडणारं आहे, धन्यवाद. अजून तीन शंका: १) फास्टॅगचा वार्षिक पास इथे चालतो का? २) भाऊ सीएनजी गाडी देतो म्हणतोय, ती घेतली तर? ३) ईव्हीला टोल माफ आहे हे खरं का?

हिशोब_चोख

१) नाही. तो पास राष्ट्रीय महामार्ग नि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांसाठी आहे. अटल सेतू एमएमआरडीएचा (राज्याचं मुंबई महानगर विकास प्राधिकरण), मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे नि समृद्धीही राज्याचे, तिथे तो चालत नाही. टॅगवर पास असला तरी सेतूवर नेहमीसारखे पैसे कापले जाणार, म्हणून बॅलन्स ठेवा. बॅलन्स नसलेला किंवा ब्लॅकलिस्टमधला टॅग म्हणजे टॅग नसल्यासारखाच, आणि १ एप्रिल २०२५ पासून टॅग नसेल तर दुप्पट टोल. नाक्याच्या तोंडाशी रिचार्ज करून उपयोग होत नाही, टॅगची स्थिती अपडेट व्हायला वेळ लागतो. आदल्या रात्री बघा.

पहिल्या आठवड्यात रोजचे मेसेज तपासा: जाताना २००, येताना १००. येतानाही २०० दिसले तर टॅग ज्या बँकेचा आहे तिथे तक्रार टाका, दोन्ही व्यवहारांचा स्क्रीनशॉट जोडून.

२) सीएनजीने गणित सेतूच्या विरुद्ध जातं. ८० रुपये किलो नि २२ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला ३.६४, तेरा किलोमीटरचे ४७. सकाळचा भुर्दंड १५३, संध्याकाळचा ५३, महिन्याचे साडेचार हजार. इंधन जितकं स्वस्त, तितका टोल बोचतो. भावाची गाडी घेतलीत तर वाशीचे दिवस वाढवा.

हिरवी_पाटी

तिसऱ्याचं सांगतो. खरं आहे. राज्याच्या ईव्ही धोरणानुसार ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार नि बसना टोल माफ आहे. पण सुरुवातीला ईव्हींचेही पैसे कापले जात होते, प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गाडी घेतल्यावर टॅग त्याच नंबरवर आणि गाडीच्या योग्य वर्गात नोंदलाय, वाहन पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिकच आहे, हे तपासा. जुन्या गाडीचा टॅग काढून नवीवर चिकटवू नका.

टोलसाठी म्हणून ईव्ही घ्यायची का? वर्षाचे ७९,२०० वाचतात, पण तुम्ही रोज सेतूने जाणार असाल तरच. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला त्यावर नवी गाडी काढणं परवडत नाही.

कामोठे_से_३४

आम्हा कामोठे-खारघरवाल्यांनाही हेच लागू का?

पांजरपोळ_कट

नाही. तुम्ही सायन–पनवेल महामार्गाच्या दारातच आहात. सेतू धरायला आधी उलट उलव्याकडे उतरायचं, त्यात किलोमीटर फारसे वाचत नाहीत, म्हणजे टोल जवळजवळ पूर्ण अंगावर. ऑफिस बीकेसीला असेल तर विचारही करू नका, शिवडीला उतरून परत उत्तरेला यावं लागतं. परळ-प्रभादेवीवाल्यांनीही जरा थांबावं: शिवडी–वरळी जोडरस्ता व्हायचाय नि त्याच कामासाठी एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे. शिवडीत वाचवलेली मिनिटं रेल्वे ओलांडताना जातात.

आणि उलवेकर, एक राहिलं: चिर्लेपर्यंतचा २५० चा दर मुळात ठरलेल्या ५०० च्या निम्मा, सवलतीतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ही सवलत आणखी वर्षभर चालू ठेवली होती. दर वाढला की वरची वजाबाकी पुन्हा करा, परतीचे ३ रुपये तेव्हा ३ राहणार नाहीत.