बलक फेकणाऱ्यांनो, जरा थांबा

तळ्यातमळ्यात: सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तेच फिरलं: ‘अंड्याचा पिवळा भाग थेट लिव्हरवर चढतो, फॅटी लिव्हरवाल्यांनी पांढराच खावा.’ खाली नमस्कारांची रांग. माझ्या सोनोग्राफीत ग्रेड टू निघाल्यापासून मी या विषयात डोकं घालून बसलोय, त्यामुळे राहवलं नाही.

लिव्हरमध्ये चरबी येते ती येतेच. ती बाहेर कशी पडते ते बघा. व्हीएलडीएलच्या (चरबी वाहून नेणाऱ्या कणाच्या) गोळीत भरून ती रक्तात सोडावी लागते, आणि त्या गोळीचं वेष्टन मुख्यतः फॉस्फेटिडिलकोलीनचं, म्हणजे कोलीन या पोषकद्रव्यापासून बनणाऱ्या एका स्निग्ध पदार्थाचं. कोलीन नाही तर वेष्टन नाही. बारदाना संपला की सोयाबीन पडून राहतं, तसा माल आतच.

हे आजचं नाही. टोरांटोत स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्शुलिनवर जगायची, पण लिव्हर चरबीने भरून मरायची. लेसिथिन (ज्यात हेच फॉस्फेटिडिलकोलीन असतं) दिलं की सावरायची. त्यातलं कामाचं ते कोलीन, हे चार्ल्स बेस्टने (हो, इन्शुलिन शोधणाऱ्यांतलाच) १९३२ मध्ये दाखवलं. एका अंड्यात साधारण १५० मिलिग्रॅम कोलीन, जवळपास सगळं बलकात. पुरुषाला दिवसाला ५५० हवं, बाईला ४२५. आणि आमच्या जिममधली पोरं तेच बेसिनमध्ये ओततात.

काळ्यारानातला: बारदान्याचं नाव काढलं म्हणून लिहितोय. २०२४ ला हमीभाव ४,८९२. केंद्रावर रोज एकच उत्तर, बारदाना आला की फोन करू. ट्रॉली ताडपत्रीखाली अठरा दिवस. शेवटी पडेल त्या भावाने व्यापाऱ्याला घातलं. तुमच्या लेसिथिनच्या कॅप्सूल सोयाबीन तेल साफ करताना निघणाऱ्या डिंकातूनच होतात ना? त्या डबीवरची किंमत वाचा एकदा. लिव्हरचं चालू द्या तुमचं.

निरामिष: म्हणजे शाकाहाऱ्यांचं लिव्हर गेलंच म्हणायचं! माझी आजी ९१ वर्षं जगली, अंड्याला शिवली नाही. तळ्यातमळ्यात, तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. फॉस्फेटिडिलकोलीन लिव्हर स्वतःही बनवतं. पीईएमटी नावाचं एन्झाइम आहे, साधारण ३० टक्के वाटा त्याचा. शिवाय सोयाबीन, फ्लॉवर, दूध यांत कोलीन नसतं का? अर्धवट वाचून धागे काढायचे नि वर अंड्यांची जाहिरात.

तळ्यातमळ्यात: गाळलं, मान्य. पण पीईएमटी फुकट राबत नाही. एका रेणूमागे तीन मिथिल गट (कार्बनचे छोटे तुकडे) मोजून घेतं. ते चक्र फिरतं ठेवायला फोलेट लागतं, बी१२ लागतं. शुद्ध शाकाहारी घरातलं बी१२ किती, ते आजीच्या वयावरून कळत नाही. तुमचं तपासलंय कधी?

सांजवात: पीईएमटी निघालंच आहे तर माझंही ऐका. वय ५४, वजन ५१ किलो, तरी फॅटी लिव्हर. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच ‘तेलकट कमी करा’ लिहून दिलं. नवरा म्हणाला, “चोरून खातेस काय?” हे एन्झाइम इस्ट्रोजेनच्या (पाळी गेल्यावर घटणाऱ्या हार्मोनच्या) जोरावर चालतं, हे कुणी सांगितलं नाही. नॉर्थ कॅरोलायनात लोकांना मुद्दाम कोलीन तोडून जेवण दिलं होतं, निष्कर्ष २००७ चे. पाळी गेलेल्या बायकांपैकी ८० टक्के जणींचं लिव्हर किंवा स्नायू बिघडले, पाळी चालू असलेल्यांत ४४ टक्के. पुरुषांत ७७, तेव्हा मिशीवाल्यांनीही हसू नये.

खडूफळा: ताई, तुमचं पटलं. मला मात्र शाळेचं बोलायचंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे थांबवले, लोकवर्गणीतून बघा म्हणे. आमच्या वाडीत कसली वर्गणी? चौथीतला एकजण पांढरं खाऊन बलक खिशात घालायचा, धाकट्या बहिणीसाठी. चड्डीचा खिसा कायम पिवळा. त्याची आई माझ्याशीच भांडायला आली होती.

निरामिष: वाटच बघत होतो. आमच्या करातून आमच्याच पोरांना अंडी?

खडूफळा: सक्ती कुणी केली? न खाणाऱ्याला केळं होतं की. तुमच्या पोरापुढे केळं आणि माझ्या पोरांपुढे अंडं, यात तुमचं काय बिघडलं?

निरामिष: एकाच पंगतीत का, हा प्रश्न आहे. मास्तरकी इथे नको.

खडूफळा: मास्तरकी नाही. पंगत मी वाढतो, तुम्ही नाही.

काळ्यारानातला: सोयाबीन द्या की दोघांच्याही पोरांना. घरी चार पोती आहेत अजून.

काचपट्टी: पंगत उठली असेल तर मूळ मुद्दा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, लिव्हरच्या काचा (स्लाइड) रोज बघतो. बहुतेकांची चरबी कोलीनअभावी नसते. साखर, पोट, इन्शुलिनला न जुमानणाऱ्या पेशी हीच कारणं. २०२३ मध्ये आजाराचं नावच बदलून चयापचयाशी जोडलं. कोलीन तोडलं की लिव्हर बिघडतं, म्हणून जास्त घातलं की सुधारतं, हे कुठून आलं? पेट्रोल संपलं की गाडी थांबते. टाकी ओसंडली म्हणून जोरात पळत नाही. सासऱ्यांनी फॉस्फोलिपिडच्या (त्याच लेसिथिनच्या जातीतल्या) कॅप्सूल दोन वर्षं घेतल्या, संध्याकाळची क्वार्टर सोडली नाही. सोनोग्राफी होती तशीच. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर काचेवर खरंच फरक दिसतो.

तळ्यातमळ्यात: अहो, मी ‘जरा थांबा’ म्हटलंय, ‘सहा-सहा खा’ नाही. पण ठीक आहे, जिमच्या पोरांवरचं ते शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. आणि माझ्या ग्रेड टूमागे रोजचे पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, हेही आहे. बलकावर चिडणं सोपं पडलं. बायको इथे वाचत नाही, कुणी स्क्रीनशॉट पाठवू नये.

सांजवात: माझं वजन ५१ आहे. त्यातलं १० टक्के कुठून उतरवू, काचपट्टी?

काचपट्टी: ताई, तुमच्यासारख्यांना तो नियम जशाचा तसा लागत नाही. आधी कंबर मोजा, शुगर बघा. बलक खा, माझी हरकत नाही.

निरामिष: बी१२ चा रिपोर्ट आला. १४२, कमीच. कुणी दात काढायचे नाहीत. आजीबद्दल लिहिलं ते तसंच ठेवतोय.