लाइट गेल्यापासून स्प्रिंग बूट ॲप उठूनच नाही राहिलं, डेटाबेस सापडत नाही म्हणते

संत्रा_कोडर:
नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचं बिलिंग ॲप सांभाळतो. दुकानातच जुना पीसी आहे, उबुंटू, डॉकर कंपोज (एका फाइलवरून अनेक कंटेनर, म्हणजे प्रोग्रामचे वेगवेगळे डबे, चालवणारं टूल), एका कंटेनरमध्ये स्प्रिंग बूटचं जावा ॲप अन् दुसऱ्यात पोस्टग्रेस डेटाबेस, त्याचं नाव 'डीबी'. काल दुपारी लाइट गेली, आल्यावर दुकानातल्या पोराने नेहमीची स्टार्ट स्क्रिप्ट मारली अन् तेव्हापासून ॲप सुरू होते आणि लगेच मरते. लॉग हातभर लांब आहे, पण कधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' तर कधी 'अननोन होस्ट डीबी'. यूआरएल तीच, पासवर्ड तोच, कंपोज फाइलला कोणी हात नाही लावला. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू आहे, अडत्या फोनवर फोन करून राहिला. काय पाहू?

फटाफट_भाऊ:
लाइट गेली म्हणजे डेटा करप्ट झाला असंल. 'डाउन' (कंटेनर काढायची कमांड) ले 'व्ही' लावून सगळं उडव अन् पुन्हा 'अप' (सुरू करायची) कर. दोन मिनिटाचं काम आहे.

हिंगणा_डीबीए:
थांब बाप्पा, हे अजिबात करू नको!! 'व्ही' लावलं की व्हॉल्यूमच (डेटा ठेवायची जागा) जातो, म्हणजे अडत्याचं सगळं खातं साफ. अन् पोस्टग्रेस असा लाइट गेल्याने सहसा मरत नाही, प्रत्येक बदल आधी वॉल फाइलमध्ये (बदलांची नोंदवही) लिहून ठेवतो आणि उठताना तिथूनच रिकव्हरी करतो.

तुझ्या एररमध्येच हिंट आहे पाहा. रिफ्यूज्ड म्हणजे पत्ता सापडला पण पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टवर ऐकणारं कोणी नाही, पासवर्ड चुकला असता तर 'ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं असतं. आणि डॉकर नाव फक्त चालू कंटेनरचंच शोधून देतो, म्हणून मधेच अननोन होस्ट येतं याचा अर्थ डीबीचा कंटेनर उठून राहिला अन् मरून राहिला. ॲपचा लॉग सोड, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही, 'डॉकर कंपोज लॉग्ज डीबी' मार आणि शेवटच्या ओळी इथे टाक. डिस्क भरली का तेही पाहून घे, जुन्या पीसीत ते पण असते.

संत्रा_कोडर:
डिस्क रिकामी आहे. लॉगमध्ये हेच पुन्हा पुन्हा: 'डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर', खाली लिहिलंय की डेटा डिरेक्टरी 16 ने बनवलेली आहे अन् सर्व्हर 17 आहे. पण मी तर काही अपग्रेड केलंच नाही??

हिंगणा_डीबीए:
कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसच्या इमेजपुढे (ज्यावरून कंटेनर बनतो ते पॅकेज) 'लेटेस्ट' लिहिलं असंल आणि त्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये 'पुल' (नवीन इमेज उतरवायची कमांड) असंल, पाहून सांग. पोराने स्क्रिप्ट मारली, नवीन इमेज आली, 17 ने जुन्या फाइल्स पाहिल्या अन् हात वर केले. डेटा सुरक्षित आहे, त्याने काहीच लिहिलेलं नाही. पोस्टग्रेसचं मेजर व्हर्जन बदललं की फाइल्स आपोआप चालत नाहीत, 16 मधल्या 16 मध्ये पुढे गेला तर काही त्रास नाही. इमेजपुढचा टॅग 'लेटेस्ट' काढून 16 कर, 'अप' मार. उठला की सगळ्यात आधी पीजी डंपऑलने डंप (सगळ्या डेटाची कॉपी) घे, अन् तो त्याच पीसीवर ठेवू नको. 17 पाहिजेच असंल तर वेगळा रिकामा व्हॉल्यूम घेऊन त्यात तो डंप भर.

मिहान_बॅकएंड:
एक माझ्याकडून. ॲपपुढे नुसतं 'डिपेंड्स ऑन' (आधी डीबी, मग ॲप) लिहिलं तर कंपोज फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट पाहते, पोस्टग्रेस तयार झाला का ते नाही पाहत. पीजी इझरेडीचा (पोस्टग्रेस तयार आहे का विचारणारी कमांड) हेल्थचेक लाव अन् कंडिशनमध्ये 'सर्व्हिस हेल्दी' दे. पण हे फक्त 'अप' मारल्यावर चालते. पीसी स्वतःहून रीबूट झाला तर रिस्टार्ट पॉलिसीवरून डॉकरच कंटेनर उठवतो, तिथे हा क्रम कोणी पाळत नाही, म्हणून ॲपला पण 'अनलेस स्टॉप्ड' (आपण बंद केल्याशिवाय पुन्हा उठवत राहा) दे, डीबी नाही मिळाला तर मरेल अन् पुन्हा उठेल.

संत्रा_कोडर:
दोन्ही होतं दादा, लेटेस्ट पण अन् पुल पण, आधीच्या माणसाने लिहून ठेवलेलं. 16 केला, एका झटक्यात उठलं, कालपर्यंतची सगळी बिलं जागेवर आहेत. डंप पेनड्राइव्हवर घेतला, स्क्रिप्टमधला पुल काढला. 17 चं सीझन संपल्यावर पाहू.

फटाफट_भाऊ:
त्याले एक यूपीएस पण घ्यायले लाव बे.