सल्ला हवा: घोडी आणि कुत्र्यासह नर्मदा परिक्रमा

रानवाट: नर्मदे हर! चातुर्मास संपला की ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची आहे. सोबत माझी काठेवाडी घोडी (वजन अंदाजे ३५० किलो) आणि तिच्याशिवाय न राहणारा गावठी कुत्रा. माझं वजन ६८. रोज किती अंतर ठेवू? शूलपाणीच्या झाडीतून घोडी जाईल का? समुद्रापाशी नावेचं काय करायचं? जनावरांना त्रास होणार असेल तर त्यांना घरीच ठेवेन, तेव्हा स्पष्ट सांगा.

टापा: ताई, आधी वजनाचं बोलू. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. तुमच्या घोडीला ते ७० किलो झाले. तुम्ही ६८, म्हणजे खोगीर चढवलं की मर्यादा ओलांडलीच. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर. एवढ्या वाटेवर जास्तीचे दहा किलो रोज तिच्या पाठीवर बसतात. माझं ठाम मत: बहुतेक वाट तुम्ही पायी चाला, घोडीवर सामान द्या आणि सपाट, मऊ रस्त्यावर थोडा वेळच बसा. तेव्हा सामान दुसऱ्या कुणाकडे द्या. रोज २० ते २५ किलोमीटर पुरे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा.

मुक्कामाला खोगीर उतरवलं की लगेच खरारा करू नका, आधी पाठ बघा. सगळी पाठ घामाने ओली आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथे खोगीर दाबतंय. त्याच दिवशी नमदा (खोगिराखालची जाड लोकरी घडी) सरळ करा, गरज पडली तर खोगीर बदला. दुर्लक्ष केलंत तर तिथे सूज येते, मग कातडी जाते, आणि ती जखम भरेपर्यंत खोगीर घालता येत नाही.

जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायला आत्ताच शिका. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. अर्ध्या तासाच्या विसाव्यानंतरही ६० च्या वर राहिली तर त्या दिवशी पुढे जायचं नाही.

नाल साधारण सहा आठवड्यांनी बदलावी लागते, त्यामुळे वाटेतल्या मोठ्या गावांतले नालबंद आधीच फोनवर गाठून ठेवा. चारा मात्र एकदम बदलू नका. आश्रमात प्रेमाने कुणी घमेलंभर गहू पुढे ठेवेल, तो घोडीला पोटशूळ होण्याचा सरळ रस्ता आहे. हात जोडून नको म्हणा आणि कोरडा चारा मागा.

काठावरून: झाडीतल्या पायवाटा घोडीसाठी नकोत. चढ-उतार तीव्र, दगड सुटे. बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा हा रस्ता धरा; पुष्कळ परिक्रमावासी असेच जातात. नर्मदा उजव्या हाताला ठेवायचा परिक्रमेचा नियम त्याने मोडत नाही.

नावेचं म्हणाल तर नर्मदेच्या मुखाशी दक्षिण काठावरच्या विमलेश्वरच्या बाजूने उत्तर काठावरच्या मिठी तलाईला जाणाऱ्या नावा भरतीची वेळ बघून सुटतात, गर्दी असते, उतरताना चिखल. त्यात घोडी घालू नका. एक विश्वासू माणूस सोबत घ्या, तो घोडी गाडीने भरूचच्या पुलावरून पलीकडे आणेल. संकल्प तुमचा आहे, घोडीने पूल ओलांडला म्हणून तो भंगत नाही.

पशुवैद्य_ग्रामीण: निघण्याआधी ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी करून घ्या, नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासले जातात. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. म्हणून वाटेत दुसऱ्या घोड्यांच्या हौदात पाणी पाजू नका, बादली स्वतःची ठेवा. धनुर्वाताची लस घोडीलाही हवी. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात अशी हद्द ओलांडणार असल्याने आरोग्य प्रमाणपत्र सोबत असू द्या, नियम निघताना पशुसंवर्धन खात्याकडून विचारून घ्या.

रानवाट: सगळ्यांचे आभार. बहुतेक पायीच चालायचं ठरवलं. कुत्र्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही?

टापा: तो काठावर सुखाने चालेल, पण बिबट्याच्या टापूत रात्री त्याला उघड्यावर बांधू नका, तुमच्याजवळ आत घ्या. बिबट्याला कुत्रं सोपं भक्ष्य असतं. रेबीजची लस ताजी हवी. गावात शिरताना पट्टा लावा, नाहीतर तिथली कुत्री घेरतात आणि घोडी बिथरते. संध्याकाळी पंजांच्या बोटांमधले काटे आणि कानामागचे गोचीड बघत जा. डांबर तापलं की त्याचे तळवे भाजतात, म्हणून फाल्गुनापासून पहाटे निघा आणि उन्हं चढायच्या आत थांबा. घोडीलाही तीच वेळ मानवेल.

काठावरून: त्यालाही घोडीबरोबर गाडीनेच पाठवा. ती दोघं एकत्र असली की दोघंही शांत राहतील.